टीव्ही-रेडिओचं बिल कुणाच्या नावावर?

मागच्या अंकात आम्ही विचारलं होतं की सार्वजनिक टीव्ही-रेडिओ, म्हणजे बीबीसी, जपानचं एनएचके, आपलं दूरदर्शन-आकाशवाणी असल्या संस्था, यांचा खर्च कुणी उचलायचा यावर तुमचे प्रश्न पाठवा. पत्रं भरपूर आली, त्यातल्या बऱ्याच पत्रांत प्रश्न कमी आणि भांडण जास्त होतं, पण भांडणातून चांगले प्रश्न निघतात त्यामुळे तक्रार नाही. सारखे प्रश्न एकत्र केलेत, एकदोन ठिकाणी भाषा जरा सौम्य केलीय, लिहिणाऱ्यांनी राग मानू नये.

प्रश्न : मी कित्येक वर्षांत सार्वजनिक चॅनल लावलेलंच नाही. मला जे बघायचंय त्याचे पैसे मी वेगळे भरतो. मग जे बघत नाही त्याचे पैसे माझ्या खिशातून का? याला सरळ भाषेत जबरदस्ती म्हणतात. — एक निवृत्त बँक कर्मचारी

उत्तर : काका, जबरदस्ती आहे हे आधी मान्यच करून टाकू, म्हणजे पुढचं बोलणं सोपं जाईल. लायसन्स फी (टीव्ही-रेडिओ ठेवायची फी) म्हणा, टॅक्स म्हणा, वर्गणी म्हणा, घेतात ते सक्तीनंच घेतात. मग बघायचं ते एवढंच, की या सक्तीच्या बदल्यात असं काही मिळतं का जे एरवी मिळालंच नसतं.

काही गोष्टी मिळतात. ट्रान्समीटरवरून सिग्नल एकदा सुटला की तो एका घरानं ऐकला काय नि लाख घरांनी ऐकला काय, खर्च तोच. पण डोंगरातल्या शेवटच्या वस्तीपर्यंत तो सिग्नल न्यायला पैसा लागतो आणि तिथून जाहिरातदाराच्या हाती काही लागत नाही, म्हणून खासगी कंपनी तिकडे फिरकत नाही, आणि धंदाच करायला बसलेत म्हटल्यावर त्यांना दोष तरी काय देणार. छोट्या भाषेतल्या बातम्या, लहान मुलांचे जाहिराती नसलेले कार्यक्रम, संसदेचं कामकाज, जुन्या गायकांची रेकॉर्डिंग जपून ठेवणं, सगळ्याचं तेच. आणि मोठी आपत्ती आली की काय होतं ते बघा. जपानमध्ये अशा वेळी माहिती पोचवायची जबाबदारी कायद्यानंच एनएचकेवर टाकलेली आहे, २०११ च्या त्सुनामीत त्यांच्या हेलिकॉप्टरमधून किनाऱ्यावर येणारं पाणी लाइव्ह दिसत होतं. असल्या तयारीवर वर्षभर खर्च करावा लागतो आणि वर्षातले बहुतेक दिवस तिचा कुणालाच उपयोग नसतो. तुम्ही ते चॅनल एरवी कधी लावलं नसेल, पण त्या दिवशी तुमच्या शेजाऱ्यानं लावलेलं असतं आणि तो तुमचं दार वाजवतो.

आता तुमची बाजू. हे सगळं तेव्हाच खरं जेव्हा ती संस्था हे खरोखर करते. सार्वजनिक पैशावर चालणारं चॅनल जर खासगी चॅनलची दुय्यम नक्कल करत असेल, तोच आरडाओरडा, तेच रिअॅलिटी शो, तर तुमचा मुद्दा शंभर टक्के बरोबर आहे आणि मी तुमच्या बाजूनं सही करीन.

स्वित्झर्लंडमध्ये तुमचाच प्रश्न थेट मतपत्रिकेवर आला होता. ४ मार्च २०१८ ला. फी वसूल करणाऱ्या कंपनीचं नाव बिलाग, म्हणून फी बंद करायच्या त्या प्रस्तावाचं नाव पडलं 'नो बिलाग'. वर्षाला ४५१ फ्रँक फी होती, कमी नव्हती. तरी ७१.६ टक्के लोकांनी प्रस्ताव फेटाळला, एकाही कँटनमध्ये, म्हणजे तिथल्या राज्यात, तो पास झाला नाही. देशाच्या भाषा चार, त्यातल्या इटालियन आणि रोमान्श बोलणारे इतके थोडे की त्यांच्यापुरतं वेगळं चॅनल बाजाराच्या हिशोबात बसतच नाही, हे लोकांना न सांगता कळत होतं. मात्र फी ३६५ फ्रँकवर आणायचं सरकारनं मतदानाच्या आधीच जाहीर करून टाकलं होतं, म्हणजे ओरडणाऱ्यांचं ओरडणं अगदीच वाया गेलं असंही म्हणता येत नाही.

प्रश्न : जाहिराती घ्या ना, विषय संपला. कुणाच्याच खिशाला हात नको. एवढं साधं उत्तर असताना जगभर लोक लायसन्स आणि टॅक्सवर का भांडतात? — मार्केटिंगमध्ये काम करणारी वाचक

उत्तर : ताई, तुम्ही त्याच क्षेत्रातल्या आहात म्हणून तुम्हाला आतली गोष्ट सांगायची गरज नाही, पण बाकीच्यांसाठी सांगतो. जाहिरातीवर चालणाऱ्या चॅनलचा गिऱ्हाईक प्रेक्षक नसतो, जाहिरातदार असतो, आणि प्रेक्षक हा विकायचा माल असतो. यात वाईट काही नाही, फक्त मग ज्याच्या खिशात खरेदीला पैसे नाहीत त्याच्यासाठी कार्यक्रम कोण करणार हा प्रश्न उरतो. शिवाय जाहिरात म्हणजे कुणाच्याच खिशाला हात नाही हेही तितकंसं खरं नाही, साबणाच्या किमतीत त्या जाहिरातीचा खर्च असतोच, तो तुम्ही चॅनल न बघताही भरता.

ब्रिटनच्या तेव्हाच्या पंतप्रधान थॅचरबाईंना बीबीसीवर जाहिराती याव्यात असं फार वाटत होतं. त्यांनी १९८५ मध्ये पीकॉक कमिटी नेमली, कमिटीवर बाजाराच्या बाजूची माणसं होती, सगळ्यांना वाटलं निकाल ठरलेलाच आहे. १९८६ ला रिपोर्ट आला आणि त्यात कमिटीनं बीबीसीवर जाहिराती नकोत असं सांगितलं. कारण बाजाराचंच होतं. जाहिरातींचा पैसा तेवढाच आणि खाणारं एक तोंड वाढणार, म्हणजे खासगी चॅनल तर अडचणीत येतीलच, वर सगळेच एकाच प्रेक्षकाच्या मागे धावणार आणि कार्यक्रम एकाच साच्यातले होणार. ज्यांना वाटतं की सार्वजनिक चॅनलनं स्वतःच्या पायावर उभं राहावं त्यांनी हे लक्षात घ्यावं की त्याला सगळ्यात मोठा विरोध खासगी चॅनलवाल्यांचाच असतो.

फ्रान्स आणि स्पेन तर उलट्या दिशेनं गेले. फ्रान्सनं जानेवारी २००९ पासून सरकारी चॅनलवर रात्री ८ नंतरच्या जाहिराती बंद केल्या, स्पेननं २०१० पासून आपल्या सार्वजनिक आरटीव्हीईवरच्या जाहिराती काढून टाकल्या. हिशोब असा की त्या जाहिराती आता खासगी चॅनलकडे जातील, त्यांचा फायदा होईल, तेव्हा त्यांनीच थोडे पैसे द्यावेत, आणि मोबाइल-इंटरनेट कंपन्यांनीही द्यावेत. मधला मार्गही असतो, कॅनडात सीबीसी या सार्वजनिक संस्थेच्या टीव्हीवर जाहिराती चालतात, त्यांचा रेडिओ मात्र १९७० च्या दशकापासून जवळपास जाहिरातमुक्त आहे. आपल्याकडे विविध भारतीवर १९६७ मध्ये जाहिराती सुरू झाल्या, दूरदर्शनवर १९७६ मध्ये. माझं स्वतःचं मत विचाराल तर मनोरंजनाला आणि खेळाला जाहिराती लागल्या तर आभाळ कोसळत नाही. बातम्या आणि मुलांचे कार्यक्रम, तिथे नकोच.

प्रश्न : स्ट्रीमिंग अॅपसारखं सबस्क्रिप्शन ठेवा, ज्याला हवं तो घेईल. किंवा लोकांकडून देणग्या घ्या. — कॉलेजमधला विद्यार्थी

उत्तर : रेडिओला कुलूप लावता येत नाही रे. एफएमचा सिग्नल कुणी पैसे भरलेत नि कुणी नाही ते बघून आत शिरत नाही. टीव्हीला लावता येतं, अॅपला तर सहज लावता येतं, पण मग पुराच्या बातमीला पण लावणार का? आणि एकदा का फक्त पैसे भरणाऱ्यांसाठी झालं की ते सार्वजनिक राहिलं कुठे, ते अजून एक अॅप झालं, तसली आधीच ढीगभर आहेत.

देणग्यांचं अमेरिकेत खरंच चालतं. तिथली स्थानिक स्टेशनं वर्षातून काही वेळा कार्यक्रम थांबवून श्रोत्यांकडे पैसे मागतात, आणि लोक देतात, बऱ्यापैकी देतात. पण देतात कुठे, तर मोठ्या शहरांत, जिथे शिकलेले आणि चांगलं कमावणारे श्रोते आहेत. लहान गावातल्या, आदिवासी भागातल्या स्टेशनांचा मोठा आधार सरकारी पैसाच होता. तो २०२५ मध्ये गेला, त्यावर पुढे येतो.

प्रश्न : आमच्या घरी टीव्ही सेटच नाही, सगळं मोबाइलवर. ज्या देशांत टीव्हीवर लायसन्स आहे तिथे आमच्यासारख्यांचं काय करतात? — आयटीतलं जोडपं

उत्तर : डोकं धरून बसतात. ही सगळी पद्धत सुरू झाली तेव्हा रेडिओ म्हणजे घरातला एक मोठा खोका होता, ज्याच्या घरी खोका त्याच्याकडून पैसे, हिशोब चोख. ब्रिटनमध्ये १९२२ ला दहा शिलिंग रेडिओ लायसन्स आलं, १९४६ ला टीव्हीचं दोन पाउंड, १९६८ ला रंगीत टीव्हीचं वेगळं दहा पाउंड, १९७१ ला फक्त रेडिओचं लायसन्स बंद केलं कारण रेडिओ खिशात मावायला लागला आणि कुणाच्या खिशात काय आहे ते कोण बघणार. गंमत म्हणजे ब्लॅक अँड व्हाइट टीव्हीचं स्वस्तातलं लायसन्स अजून मिळतं आणि ते घेणारेही आहेत!

मग इंटरनेट आलं. ब्रिटननं सप्टेंबर २०१६ पासून बीबीसीचं अॅप वापरायलाही लायसन्स लागेल असा नियम केला. स्वीडननं अजून पुढे जाऊन ठरवलं की इंटरनेट असलेला कॉम्प्युटर म्हणजे टीव्हीच, भरा फी. लोक कोर्टात गेले आणि २०१४ मध्ये तिथल्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयानं सांगितलं की नाही, कॉम्प्युटर हा टीव्ही नव्हे. फी गोळा करणाऱ्यांना घेतलेले पैसे परत द्यावे लागले.

यातून जर्मनीनं काढलेली वाट मला सगळ्यात शहाणी वाटते. १ जानेवारी २०१३ पासून त्यांनी तुमच्या घरात काय आहे हे विचारणंच सोडून दिलं. घर आहे ना, मग फी. टीव्ही असो, मोबाइल असो, काहीच नसो. कंपन्यांनाही भरावी लागते. लोक चिडले, केस घटनात्मक न्यायालयापर्यंत गेली, आणि २०१८ मध्ये कोर्टानं पद्धत मान्य केली, फक्त दुसरं घर असलेल्यांकडून दोनदा घेऊ नका असं बजावलं. याचा एक फायदा कुणी फारसा बोलत नाही तो म्हणजे घरोघरी जाऊन टीव्ही शोधणारा इन्स्पेक्टर संपला. ब्रिटनमध्ये तो अजून आहे आणि लायसन्स न घेता टीव्ही बघणं हा तिथे फौजदारी गुन्हा आहे, हजार पाउंडपर्यंत दंड होऊ शकतो. आणि दोषी ठरणाऱ्यांत खूप मोठ्या फरकानं बायका जास्त आहेत, साधारण दहांतल्या सात. बायका जास्त लबाड असतात म्हणून नाही, इन्स्पेक्टर दार वाजवतो तेव्हा घरात त्या असतात म्हणून, त्यातही एकट्यानं मुलं वाढवणाऱ्या. टीव्ही बघणाऱ्यांत पुरुष काय कमी आहेत?

इटलीनं आणखी वेगळी शक्कल लढवली. तिथे फी बुडवणं हा राष्ट्रीय छंदच होता म्हणा ना, तर २०१६ पासून त्यांनी ती विजेच्या बिलातच घातली. बुडवेगिरी एकदम खाली आली आणि सगळेच भरायला लागल्यामुळे प्रत्येकाची फी ११३.५० युरोवरून १०० आणि पुढच्या वर्षी ९० वर आणता आली.

प्रश्न : एवढ्या भानगडी कशाला? सरकारनं बजेटमधून द्यावेत. शेवटी पैसा आपलाच. — एक शिक्षिका

उत्तर : बाई, सगळ्यात जास्त पत्रं या प्रश्नाची आहेत आणि वरवर बघता तुमचं बरोबर आहे. वेगळी फी गोळा करायला वेगळी माणसं लागतात, त्यांचा पगार त्या फीतूनच जातो, टॅक्स तर आधीच गोळा होतोय. म्हणूनच ऑस्ट्रेलियानं १९७४ लाच लायसन्स काढून टाकलं, कॅनडानं त्याच्याही आधी १९५३ ला, आपल्याकडे पोस्टात जाऊन रेडिओ-टीव्हीचं लायसन्स भरायचं ते १९८० च्या दशकात संपलं, नॉर्वे आणि डेन्मार्क आत्ता आत्ता टॅक्सवर आले.

पण पैसा कुणाचा यापेक्षा मला दुसरीच गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. पैसा बंद करायला किती वेळ लागतो, आणि किती लोकांच्या सह्या लागतात? बातमीदारानं सकाळी मंत्र्याला अडचणीची ठरणारी बातमी दिली तर त्याच मंत्र्याच्या सरकारला चॅनलचं बजेट कापायला एक वर्ष लागतं, दहा वर्षं लागतात, की एक फोन पुरतो? जिथे एक फोन पुरतो तिथे तो फोन करायचीही गरज पडत नाही, संपादक स्वतःच बातमी मऊ करून टाकतो, आणि हे कुठल्याच ऑडिटमध्ये दिसत नाही.

काही उदाहरणं देतो म्हणजे हवेत बोलल्यासारखं होणार नाही. डेन्मार्कनं २०१८ मध्ये लायसन्स बंद करून टॅक्सवर जायचं ठरवलं आणि त्याच निर्णयात डीआर या सार्वजनिक संस्थेचं बजेट साधारण वीस टक्क्यांनी कापलं, काही चॅनल बंद करावी लागली. म्हणजे पद्धत बदलायचा मुहूर्त आणि कात्री लावायचा मुहूर्त एकच. स्लोव्हाकियानं २०२३ मध्ये फी बंद करून बजेटमधून पैसे द्यायला सुरुवात केली, सरकार बदललं, नव्या सरकारनं बजेट कापलं आणि २०२४ मध्ये तर जुनी संस्थाच बरखास्त करून तिच्या जागी नवी उभी केली, नवीन नाव, नवीन बोर्ड.

अमेरिकेचं जास्त विचार करायला लावणारं आहे कारण तिथे त्यांनी काळजी घेतलेली होती. १९६७ च्या कायद्यानं एक मधली संस्था बनवली, सीपीबी, म्हणजे सरकार थेट स्टेशनांना पैसे देणार नाही, या संस्थेला देणार आणि ती वाटणार. नंतर तर पैसे दोन वर्षं आधीच मंजूर करायची पद्धत पाडली, मुद्दाम, आजच्या रागाचा परिणाम आजच्या बातमीवर होऊ नये म्हणून. आणि जुलै २०२५ मध्ये काँग्रेसनं ते आधी मंजूर केलेले दोन वर्षांचे जवळपास १.१ अब्ज डॉलर परत काढून घेतले. ऑगस्टमध्ये सीपीबीनं गाशा गुंडाळायला घेतल्याचं जाहीर केलं. माणशी हिशोब काढला तर वर्षाला दीड डॉलरच्या आसपास एवढीच ती रक्कम होती, त्यामुळे पैसे वाचवायला हे केलं असं म्हणायला जरा धाडस लागतं.

आता कुणी म्हणेल, मग वेगळी फी सुरक्षित. तर ग्रीस बघा. तिथे ईआरटी या सार्वजनिक टीव्ही-रेडिओ संस्थेचे पैसे विजेच्या बिलातून येत होते, बजेटवर त्याचा भार नव्हता. ११ जून २०१३ ला सरकारनं दुपारी जाहीर केलं आणि रात्री अकराच्या सुमारास पडदे काळे झाले, अडीच हजारांहून जास्त कर्मचारी घरी. कर्मचाऱ्यांनी इमारत सोडली नाही, इंटरनेटवरून प्रसारण चालू ठेवलं, पण ईआरटी अधिकृतपणे परत सुरू व्हायला जून २०१५ उजाडला, तेही सरकार बदलल्यावर. म्हणजे फीचा पाइप वेगळा असला तरी नळ सरकारच्याच हातात असेल तर उपयोग नाही.

आपल्याकडे प्रसार भारतीचा कायदा १९९० चा, अमलात आला १९९७ मध्ये, म्हणजे कागदावरची स्वायत्तता पेटीतून बाहेर यायलाच सात वर्षं लागली. कायद्यात स्वायत्त, पण कर्मचाऱ्यांच्या पगाराचा मोठा वाटा केंद्राच्या अनुदानातून येतो. बाकी जाहिराती आहेत आणि फ्री डिशवरच्या जागांचा लिलाव होतो त्यातून चांगले पैसे मिळतात. तो लिलावाचा पैसा मला आवडतो, कारण तो कुणी मेहेरबानी म्हणून दिलेला नसतो. पण पगाराची तारीख ज्याच्या हातात त्याच्याशी कोण वाकड्यात जाणार, हे तुम्हाला शिक्षिका म्हणून वेगळं सांगायला नको.

मग करायचं काय? परत जर्मनीकडेच जावं लागतं. तिथे टीव्ही-रेडिओ संस्था आपला खर्च सांगतात, केईएफ नावाचा तज्ज्ञांचा स्वतंत्र आयोग तो तपासतो, फुगवलेलं कापतो आणि फी किती असावी ते सुचवतो, मग सोळाच्या सोळा राज्यांनी ते पास करायचं. २०२० च्या शेवटी एका राज्यानं, सॅक्सनी-अनहाल्टनं, मोडता घातला. वाढ होती महिन्याला १७.५० वरून १८.३६ युरो, म्हणजे ८६ सेंट. संस्था घटनात्मक न्यायालयात गेल्या आणि ऑगस्ट २०२१ मध्ये कोर्टानं निकाल दिला की पुरेसा पैसा मिळणं हा प्रसारणाच्या स्वातंत्र्याचाच भाग आहे, एका राज्याला असं अडवता येणार नाही, आणि वाढ लागू केली. भानगड तिथेही संपलेली नाही, पुढच्या वाढीवरून परत वाद कोर्टात गेलाच, पण तिथे सरकारला नळ बंद करायचा तर आयोग, सोळा राज्यं आणि कोर्ट एवढ्यांना ओलांडावं लागतं. फिनलंडचं असं की पैसा टॅक्स म्हणूनच येतो पण जातो वेगळ्या निधीत, बजेटच्या बाहेर. तेव्हा बाई, टॅक्समधून द्या, माझा विरोध नाही, फक्त तो अर्थमंत्र्याच्या टेबलावरून जाऊ देऊ नका.

प्रश्न : करोडपतीला जेवढी फी तेवढीच धुणीभांडी करणाऱ्या बाईला, हा कुठला न्याय? — सामाजिक काम करणारी वाचक

उत्तर : न्याय नाहीच आहे. घरटी सारखी फी म्हणजे गरिबाच्या कमाईचा मोठा तुकडा आणि श्रीमंताच्या कमाईचा कणभर. जर्मनीत सरकारी मदतीवर जगणाऱ्यांना माफी आहे, त्यानं धार कमी होते पण माफीच्या रेषेच्या जरा वर असलेल्याला पूर्ण फी बसते. फिनलंडनं २०१३ मध्ये आणि स्वीडननं २०१९ मध्ये फी कमाईशी जोडली, स्वीडनमध्ये करपात्र कमाईच्या एक टक्का, पण वरती मर्यादा आहे. त्यामुळे कमी कमावणाऱ्याला कमी, काहीच नसेल तर शून्य, आणि भरपूर कमावणाऱ्यालाही डोळे पांढरे होतील इतकी नाही. मला कुणी निवडायला लावलं तर वसुली फिनलंडसारखी आणि दर ठरवणं जर्मनीसारखं असं मिश्रण मी निवडीन.

सवलतीतही राजकारण कसं शिरतं ते ब्रिटनमध्ये बघा. तिथे २००० साली पंचाहत्तरीच्या पुढच्यांना लायसन्स फुकट केलं, पैसे सरकार भरायचं, टाळ्या सरकारला. २०१५ मध्ये सरकारनं बीबीसीशी वाटाघाटी करून हा भार हळूहळू बीबीसीच्या गळ्यात टाकला. तो एकटीनं पेलणं शक्य नव्हतं, म्हणून ऑगस्ट २०२० पासून बीबीसीनं सवलत फक्त गरीब वृद्धांपुरती ठेवली, आणि म्हाताऱ्यांच्या शिव्या कुणाला पडल्या सांगा? सवलत द्यायची तर ती सरकारच्या कल्याणकारी खर्चातून द्यावी, चॅनलच्या खिशातून नाही.

प्रश्न : पैसे आम्ही द्यायचे आणि बातम्या त्यांच्या मर्जीच्या. एखाद्या चॅनलचं वागणं पटलं नाही तर फी रोखायचा हक्क लोकांना का नसावा? — नाव न छापण्याच्या विनंतीवरून

उत्तर : जपानमध्ये हा हक्क जवळजवळ आहे. एनएचकेशी करार करणं कायद्यानं बंधनकारक, पण न केल्यास फौजदारी शिक्षा काही नाही. २००४ मध्ये तिथल्या एका प्रोड्यूसरनं पैसे लाटल्याचं उघड झालं आणि लोकांनी मोठ्या संख्येनं फी देणं थांबवलं, वरच्यांना राजीनामे द्यावे लागले, त्यामुळे परिणाम होतो हे मान्य. पुढे तर एनएचकेच्या फीविरुद्ध एक पक्षच निघाला आणि २०१९ मध्ये त्यानं वरिष्ठ सभागृहात एक जागाही जिंकली. पण डिसेंबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं फी घटनेला धरून असल्याचं सांगितलं होतं, त्यामुळे एनएचके दिवाणी दावे लावत राहते.

माझी अडचण अशी की फी रोखली की मार बसतो तो तुम्हाला राग आलेल्या अँकरला नाही. पैसे कमी पडले की आधी बंद होतात ते मुलांचे कार्यक्रम, छोट्या भाषांचे विभाग, गावाकडचे वार्ताहर. आणि डाव्यांनी एका बातमीवरून, उजव्यांनी दुसऱ्या बातमीवरून पैसे रोखायचे ठरवलं की संपादक कुणालाच न दुखावणारं, म्हणजे काहीच न सांगणारं बुलेटिन काढायला लागतो. जाब विचारायचे दुसरे रस्ते हवेत आणि ते बळकट हवेत. हिशोब उघडे असावेत, बीबीसी २०१७ पासून मोठं मानधन (सुरुवातीला दीड लाख पाउंडांच्या वर) घेणाऱ्या स्टारची नावं छापते, पहिल्याच यादीत बायका आणि पुरुष यांच्या मानधनातला फरक चव्हाट्यावर आला आणि त्यावरून संस्थेला चांगलंच धुतलं गेलं. तक्रार ऐकणारा माणूस चॅनलच्या पगारावर नसावा. आणि बोर्डावर नेमणुका सत्तेतल्या पक्षानं एकट्यानं करू नयेत, हे तर सगळ्यात आधी.

प्रश्न : स्ट्रीमिंग आणि टेक कंपन्यांवर कर लावून भागणार नाही का? — एक वकील

उत्तर : थोडंफार भागेल. स्पेननं स्ट्रीमिंग सेवांनाही यात ओढलंय. पण कंपन्या कोर्टात जातात, वर्षानुवर्षं केस चालते, शिवाय त्यांचा धंदा बसला की आपलं उत्पन्नही बसतं. आणि नाव एकाचं, पैसा दुसऱ्याला असंही होतं, फ्रान्सनं टेलिकॉम कंपन्यांवर जो कर लावला तो गेला सरकारच्या सर्वसाधारण तिजोरीत. जोडीला ठीक, मुख्य आधार म्हणून नको.

प्रश्न : फी ठेवली तर ती दरवर्षी वाढवत बसणार. एकदाच काय ती ठरवून गोठवून का टाकत नाहीत? — एक गृहिणी

उत्तर : दक्षिण कोरियानं हेच केलंय, ठरवून नाही, होऊन बसलंय. तिथल्या केबीएस या सार्वजनिक संस्थेची फी १९८१ मध्ये महिन्याला २,५०० वॉन ठरली आणि आजही तेवढीच आहे. वाढवायची तर संसदेची मंजुरी लागते आणि फी वाढवली म्हणून मतं मिळालेला खासदार अजून जन्माला यायचाय. १९९४ मध्ये ती विजेच्या बिलात घातली, वसुली सुधारली, तेव्हा एका चॅनलवरच्या जाहिराती बंद करता आल्या, दुसऱ्यावर मात्र चालूच राहिल्या कारण तेवढ्यात भागत नाही. २०२३ मध्ये तेव्हाच्या सरकारनं ती विजेच्या बिलातून वेगळी काढली, २०२५ मध्ये संसदेनं परत जोडायचा कायदा केला. रकमेला मात्र कुणी हात लावला नाही. ब्रिटनमध्येही २०१० ते २०१७ लायसन्स १४५.५० पाउंडांवर गोठवलं होतं आणि त्याच काळात बीबीसीच्या परदेशी सेवेचा खर्चही, जो आधी परराष्ट्र खातं द्यायचं, २०१४ पासून लायसन्सच्या पैशातून सुरू झाला. आकडा तोच ठेवून कपात करायची ही सगळ्यात बिनआवाजाची पद्धत आहे, म्हणून महागाईच्या निर्देशांकाप्रमाणे फी आपोआप थोडी हलावी आणि चार-पाच वर्षांनी एकदा स्वतंत्र आयोगानं खर्च तपासून ती वर न्यायची की खाली आणायची ते सांगावं. खाली आणायची हेही म्हणतोय मी, ते वाचून पुढे जाऊ नका.